२१४७४८३६४७ : एका मूळ संख्येची पडताळणी

संख्यांशी संबंध येत नाही असे व्यवहाराचे एकही क्षेत्र आज उरलेले नाही. शाळेचे हजेरीपत्रक, ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक, करवसुलीची नोंदवही, पीकपाहणीचा तक्ता ही सारी संख्यांचीच कागदपत्रे होत. तथापि, या संख्यांकडे आपण कामापुरतेच पाहतो. माणसाप्रमाणे संख्येलाही स्वतःचा असा स्वभाव असतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. काही संख्यांचा स्वभाव उलगडण्यात मात्र गणितज्ञांच्या अनेक पिढ्यांनी परिश्रम वेचले आहेत.

२१४७४८३६४७ ही अशीच एक संख्या होय. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस असे तिचे वाचन करावे लागते. ही दहा अंकी संख्या मूळ संख्या आहे, हे १७७२ साली सिद्ध झाले आणि त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ती माणसाला ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. आज तिचा मान इतर कितीतरी मोठ्या संख्यांकडे गेला असला, तरी कार्यालयातील संगणकात ती एका वेगळ्याच रूपाने येऊन बसली आहे. २०३८ सालच्या जानेवारी महिन्यात या संख्येमुळे काही जुन्या संगणकप्रणालींचे दिनांक चुकण्याचा संभव आहे. म्हणूनच या संख्येचे गुणधर्म समजावून घेणे हे केवळ गणिताच्या जाणकारांचे काम राहिलेले नाही.

मूळ संख्या म्हणजे काय?

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या लहान मूळ संख्या होत. १५ ही मूळ संख्या नव्हे, कारण ती ३ व ५ यांच्या गुणाकाराने होते. अशा संख्येस संयुक्त संख्या असे म्हणतात. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारानेच बनलेली असल्यामुळे मूळ संख्या या सर्व अंकगणिताच्या पायातील चिरे आहेत असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे पाहण्याची शाळेत शिकवली जाणारी रीत सोपी आहे. त्या संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावयाचे. उदाहरणार्थ, ९७ चे वर्गमूळ १० पेक्षा कमी आहे. २, ३, ५ आणि ७ या चारच संख्यांनी भागून पाहिले व भाग गेला नाही, की ९७ ही मूळ संख्या ठरली. वर्गमूळाच्या पुढे जाण्याचे कारण नाही, कारण दोन विभाजकांपैकी निदान एक तरी वर्गमूळाहून मोठा नसतो.

हीच रीत आपल्या दहा अंकी संख्येस लावू गेल्यास श्रम किती पडतील? २१४७४८३६४७ चे वर्गमूळ ४६३४० आणि ४६३४१ यांच्या दरम्यान येते. ४६३४० पर्यंत एकूण ४७९२ मूळ संख्या आहेत. म्हणजे ४७९२ भागाकार करावे लागतील. एका भागाकारास अवघी दोन मिनिटे लागतात असे धरले, तरी रोज आठ तास काम करणाऱ्या माणसास जवळजवळ वीस दिवस लागतील. त्यातही एका भागाकारात जरी चूक झाली, तरी साऱ्या निष्कर्षाचा भरवसा उरणार नाही.

बुद्धिबळाच्या पटावरील धान्य

ही संख्या गणितज्ञांच्या नजरेत भरली ती तिच्या रचनेमुळे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार याप्रमाणे दुप्पट दाणे ठेवण्याची मागणी करणाऱ्या चतुर पुरुषाची कथा आपणांस परिचित आहे. या पटावर पहिल्या तीन घरांतील दाण्यांची बेरीज ७ होते, पहिल्या पाच घरांतील ३१ होते आणि पहिल्या सात घरांतील १२७ होते. प्रत्येक वेळी ही बेरीज पुढील घरातील दाण्यांपेक्षा नेमकी एकने कमी असते. पहिल्या ३१ घरांतील दाणे एकत्र केल्यास जी संख्या मिळते, तीच २१४७४८३६४७ होय. गणिताच्या भाषेत सांगावयाचे, तर २ ला ३१ वेळा मांडून गुणाकार करावा आणि त्यातून १ वजा करावा. २ च्या ३१ व्या घातापेक्षा एकने कमी अशी ही संख्या आहे.

७, ३१ आणि १२७ या तिन्ही मूळ संख्या आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. मग घरांची संख्या कोणतीही घेतली तरी बेरीज मूळ संख्याच येते काय? तसे नाही. घरांची संख्या संयुक्त असेल, तर बेरीजही संयुक्तच येते. सहा घरांची बेरीज ६३ आणि तिला ३ व ७ यांनी भाग जातो. परंतु घरांची संख्या मूळ असली म्हणजे बेरीजही मूळच येईल, असेही म्हणता येत नाही. अकरा घरांची बेरीज २०४७ येते आणि ती २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. ही गोष्ट १५३६ साली प्रथम निदर्शनास आणली गेली. दिसण्यावरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दावे आणि त्यांची तपासणी

या प्रकारच्या संख्यांचा इतिहास म्हणजे दावा आणि तपासणी यांचा इतिहास आहे. इटलीतील पिएत्रो कातालदी याने १५८८ साली १७ आणि १९ घरांच्या बेरजा, म्हणजे १३१०७१ व ५२४२८७ या मूळ संख्या असल्याचे प्रत्यक्ष भागाकार करून दाखविले. येथपर्यंत त्याचे काम चोख होते. पुढे मात्र २३, २९, ३१ आणि ३७ या घरांच्या बेरजाही मूळ असल्याचे त्याने तपासणीविना सांगून टाकले. १६४० साली फ्रान्समधील फेर्मा याने २३ व ३७ यांविषयीचे विधान चुकीचे असल्याचे दाखविले. २३ घरांच्या बेरजेस ४७ ने, तर ३७ घरांच्या बेरजेस २२३ ने भाग जातो. २९ घरांविषयीचे विधान पुढे ऑयलरने खोडून काढले. तिला २३३ ने भाग जातो. चार विधानांपैकी तीन अशा रीतीने कोसळली आणि ३१ घरांचे तेवढे शिल्लक राहिले.

१६४४ साली मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने २५७ पर्यंतच्या घरांची एक यादी प्रसिद्ध केली. त्याच्यावरूनच या प्रकारच्या मूळ संख्यांना मेर्सेन संख्या असे नाव पडले. त्याच्या यादीत ३१ चा समावेश होता. परंतु तीत ६७ आणि २५७ हे आकडे चुकीने आले होते, तर ६१, ८९ आणि १०७ हे राहून गेले होते. या सर्व चुका ध्यानी येऊन यादी शुद्ध होण्यास तीनशे वर्षे लागली. त्यांपैकी ६७ घरांच्या बेरजेचे विभाजक अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ साली एका गणित सभेत मांडले. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या त्या दोन संख्या होत. त्यांचा गुणाकार फळ्यावर करून दाखविल्यानंतर कोणास शंका घेण्याचे कारण उरले नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. सांगणारा कितीही विद्वान असला, तरी त्याच्या सांगण्याने संख्या मूळ ठरत नाही. ती पडताळणीनेच ठरते.

ऑयलरची युक्ती

३१ घरांच्या बेरजेची पडताळणी ज्याने पूर्ण केली तो लिओनार्ड ऑयलर हा मूळचा स्वित्झर्लंडचा. १७७२ साली तो रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. अशा स्थितीत ४७९२ भागाकार करीत बसणे त्यास शक्य नव्हते. त्याने प्रथम असा विचार केला की, या संख्येला विभाजक असलाच, तर तो कोणत्या प्रकारचा असू शकेल?

हा विचार समजण्यासाठी एक लहान उदाहरण घेऊ. २ चे घात क्रमाने घेऊन प्रत्येकास २३ ने भागावे आणि बाकी लिहीत जावे. २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १ अशा बाक्या येतात. अकराव्या घातास बाकी १ आली, की पुन्हा तेच चक्र सुरू होते. फेर्माने शोधलेला नियम असा की, भाजक मूळ आणि विषम असेल, तर २ च्या त्या घातास बाकी १ येतेच, जो घात भाजकापेक्षा एकने कमी आहे. म्हणजे २३ साठी बाविसाव्या घातास बाकी १ आलीच पाहिजे. ११ चे चक्र २२ मध्ये बरोबर दोन वेळा बसते, म्हणून हा नियम येथे पाळला जातो.

आता २१४७४८३६४७ ला एखाद्या मूळ संख्येने भाग जातो असे क्षणभर गृहीत धरू. तसे असेल तर २ च्या ३१ व्या घाताची बाकी १ येईल. म्हणजेच बाक्यांचे चक्र ३१ पायऱ्यांत पूर्ण होईल. ३१ ही संख्या मूळ असल्यामुळे त्याहून लहान चक्र तिच्यात बसू शकत नाही. फेर्माच्या नियमानुसार हे ३१ चे चक्र ‘भाजक वजा १’ या संख्येत निःशेष बसले पाहिजे. शिवाय भाजक विषम असल्याने ‘भाजक वजा १’ ही संख्या सम आहे. तेव्हा तिला ६२ ने भाग गेलाच पाहिजे. दुसऱ्या शब्दांत, विभाजक शोधावयाचा तर ६२ ने भागल्यास बाकी १ उरते अशाच संख्यांमध्ये तो शोधावा. ४६३४० पर्यंत अशा संख्या ७४७ आहेत.

ऑयलरने येथे आणखी एक चाळण लावली. २ च्या ३२ व्या घातास या भाजकाने भागल्यास बाकी २ येते, आणि २ चा ३२ वा घात हा तर १६ व्या घाताचा पूर्ण वर्ग आहे. ज्या विषम मूळ भाजकाच्या बाबतीत एखाद्या पूर्ण वर्गाची बाकी २ येते, त्यास ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते, असा नियम आहे. या दोन्ही अटी एकत्र केल्या, की २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ उरते अशाच संख्या तेवढ्या शिल्लक राहतात. ६३ ही स्वतः उघडच संयुक्त असल्याने ती सोडली, तर ४६३४० पर्यंत अशा संख्या केवळ ३७२ भरतात.

त्यांतही २४९, ४९७, ५५९, ७४५ यांसारख्या संयुक्त संख्या गाळता येतात. प्रारंभीच्या संख्यांपैकी ३११ ही पहिली मूळ संख्या आणि तिच्यानंतरची थेट १३०३. शिक्षकांनी ३११ चा भागाकार वर्गात करून पाहण्यासारखा आहे. भागाकार ६९०५०९२ येतो व बाकी ३५ उरते. याच प्रकारे उरलेल्या प्रत्येक संख्येची तपासणी झाली, कोठेही भाग निःशेष गेला नाही आणि २१४७४८३६४७ ही मूळ संख्या ठरली. वीस दिवसांचे काम विचाराच्या बळावर दीड दिवसाच्या आत आले. श्रम वाचले आणि निष्कर्षाच्या खात्रीत तसूभरही उणेपणा आला नाही, हे या युक्तीचे खरे वैशिष्ट्य होय.

भागाकाराविना कसोटी

पुढे तर एकही विभाजक न शोधता निर्णय देणारी कसोटी हाती आली. फ्रान्सच्या एद्वार ल्यूका याने १८७६ साली १२७ घरांच्या बेरजेची, म्हणजे एका ३९ अंकी संख्येची मूळता सिद्ध केली. त्याच्या पद्धतीस अमेरिकेच्या डी. एच. लेहमर यांनी १९३० साली सुटसुटीत रूप दिले. ती कसोटी अशी : प्रारंभी ४ ही संख्या घ्यावी. तिचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे आणि येणाऱ्या संख्येस तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. त्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी. घरांच्या संख्येपेक्षा दोनने कमी इतक्या वेळा ही क्रिया केल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ, अन्यथा संयुक्त.

सात घरांच्या १२७ या संख्येवर ही कसोटी पाच वेळा लावावयाची. ४ पासून निघाल्यावर क्रमाने १४, ६७, ४२, १११ आणि शेवटी ० अशा बाक्या येतात. तेव्हा १२७ मूळ. आपल्या दहा अंकी संख्येसाठी हीच क्रिया २९ वेळा करावी लागते. याच कसोटीच्या आधारे संगणकांच्या साहाय्याने शोध चालू राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली याच जातीची मूळ संख्या १३६२७९८४१ घरांची असून तिच्यात ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत.

ही कसोटी मात्र या एकाच जातीच्या संख्यांना लागू पडते. कोणत्याही संख्येची मूळता खात्रीने आणि मर्यादित पायऱ्यांत ठरविणारी रीत २००२ साली भारतातच, कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधून काढली. आपणा सर्वांस अभिमान वाटावा अशीच ही घटना आहे.

परिपूर्ण संख्या आणि एक चुकलेले भाकीत

मेर्सेन संख्यांचे आकर्षण प्राचीन काळापासून वाटत आले त्याचे कारण परिपूर्ण संख्या हे होय. ज्या संख्येच्या, ती स्वतः वगळून, इतर सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. २८ चे असे विभाजक १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज २८ च येते. युक्लिडने असे दाखविले की, दाण्यांची बेरीज मूळ संख्या असेल, तर तिला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणिले असता परिपूर्ण संख्या मिळते. तीन घरांची बेरीज ७, शेवटच्या घरात ४ दाणे, गुणाकार २८. ३१ घरांच्या बाबतीत हा गुणाकार २३०५८४३००८१३९९५२१२८ असा एकोणीस अंकी येतो. लहानापासून मोजल्यास ही आठवी परिपूर्ण संख्या होय.

१८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने आपल्या ग्रंथात असे भाकीत केले की, याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच शोधली जाणार नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत आणि त्यांचा काही उपयोग नसल्याने कोणी त्यांच्या मागे लागणार नाही. या भाकिताचा पहिला भाग ल्यूकाच्या शोधाने खोटा ठरलाच. दुसरा भाग विसाव्या शतकात संगणकाने खोटा ठरविला.

संगणकातील एकतीस घरे

संगणक सर्व संख्या ० आणि १ या दोनच अंकांत साठवितो. अनेक वर्षे एका संख्येसाठी अशी ३२ घरे राखून ठेवण्याची प्रथा होती. त्यांपैकी एक घर अधिक-उणे चिन्हासाठी खर्च होते व ३१ उरतात. एकतीसही घरांत १ हा अंक असला, म्हणजे ती संख्या १ अधिक २ अधिक ४ याप्रमाणे ३१ पदांची बेरीज होते. हा बुद्धिबळाचाच पट आहे हे उघड आहे. म्हणूनच अशा संगणकप्रणालीत मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ हीच असते.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. ही संख्या संगणकाची मर्यादा झाली ती ती मूळ आहे म्हणून नव्हे, तर ती २ च्या घातापेक्षा एकने कमी आहे म्हणून. सोळा घरांच्या प्रणालीतील मर्यादा ३२७६७ ही ७, ३१ व १५१ यांच्या गुणाकाराने बनलेली संयुक्त संख्या आहे. चौसष्ट घरांच्या प्रणालीतील मर्यादेलाही ७ ने भाग जातो. बत्तीस घरांच्या प्रणालीची मर्यादा मूळ असावी, हा योगायोग होय.

परंतु या योगायोगाचाही उपयोग करून घेण्यात आला. नमुना पाहणीसाठी गावे निवडावयाची असोत वा सोडत काढावयाची असो, कोणताही क्रम नसलेल्या यादृच्छिक संख्यांची गरज लागते. संगणक अशा संख्या पुढीलप्रमाणे तयार करू शकतो : हाती असलेल्या संख्येस १६८०७ ने गुणावे, २१४७४८३६४७ ने भागावे आणि बाकी ही पुढची संख्या मानावी. १ पासून निघाल्यास १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ अशी मालिका येते आणि १ ते २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याखेरीज एकही संख्या पुन्हा येत नाही. येथे मात्र भाजक मूळ असणे अत्यावश्यक आहे. लहान प्रमाणावर हे पाहता येते. गुणक ३ आणि भाजक ७ घेतल्यास १, ३, २, ६, ४, ५ अशा सहाही संख्या येतात. भाजक ८ घेतल्यास १, ३, १, ३ एवढेच फिरत राहते.

१९ जानेवारी २०३८

आता कार्यालयीन व्यवहाराशी थेट संबंध असलेल्या भागाकडे वळू. अनेक संगणकप्रणाली काळाची मोजणी १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून लोटलेल्या सेकंदांत करतात. हा प्रारंभ जागतिक प्रमाणवेळेनुसार धरला जातो. सेकंदांची ही संख्या ३२ घरांत साठविली असेल, तर २१४७४८३६४७ सेकंदांनंतर पट भरतो. ही वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार मंगळवार, दिनांक १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद ही येते. त्यापुढील सेकंदास मोजणी उणे चिन्हाकडे उलटते आणि अशी प्रणाली डिसेंबर १९०१ मधील दिनांक दाखवू लागते.

नवीन प्रणाली ६४ घरांत काळ मोजतात. त्यांचा पट भरण्यास सुमारे २९२ अब्ज वर्षे लागतील, तेव्हा त्यांच्याविषयी चिंतेचे कारण नाही. प्रश्न आहे तो जुन्या आज्ञावलींचा, जुन्या पद्धतीने साठविलेल्या नोंदींचा आणि एकदा बसविल्यावर वर्षानुवर्षे न बदलल्या जाणाऱ्या यंत्रांतील लहान संगणकांचा. शिवाय हा प्रश्न २०३८ सालीच उद्भवेल असेही नाही. वीस वर्षांच्या कर्जाचा अखेरचा हप्ता, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, तरुण कर्मचाऱ्याच्या सेवानिवृत्तीचा दिनांक या नोंदी त्या वर्षाच्या पलीकडील असतात आणि त्यांची आकडेमोड आजच करावी लागते.

मोजणीचा पट भरण्यापूर्वी तो मोठा करता येतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरील एका कोरियन गीताच्या प्रेक्षकसंख्येने २१४७४८३६४७ ही मर्यादा ओलांडली. कंपनीने मोजणीसाठी ६४ घरांची तरतूद केलेली असल्याने मोजणी पुढे चालू राहिली.

या बाबतीत कार्यालयप्रमुखांनी करावयाचे काम अवघड नाही. आपल्या कार्यालयातील प्रत्येक संगणकप्रणालीच्या पुरवठादारास ती काळ ३२ घरांत मोजते की ६४, हे लेखी विचारावे. एवढ्यावर न थांबता प्रणालीच्या चाचणी प्रतीत, मूळ नोंदींना धक्का न लावता, २० जानेवारी २०३८ हा दिनांक भरून पाहावा. तो बरोबर साठविला जातो काय, त्यावरून वय, व्याज अथवा मुदत बरोबर निघते काय, हे तपासून त्याची नोंद ठेवावी. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनीही नवीन प्रणाली अथवा यंत्र घेताना हा प्रश्न विचारणे हिताचे ठरेल.

पडताळणीचा धडा

कातालदी, मेर्सेन आणि बार्लो हे तिघेही विद्वान होते. तरीही तपासणीवाचून केलेली त्यांची विधाने टिकली नाहीत. साम्यावर विसंबणेही तितकेच फसवे असते. पटावर ३, ७ व १२७ इतकी घरे घेतल्यास प्रत्येक वेळी बेरीज मूळ येते. म्हणून २१४७४८३६४७ इतकी घरे असलेल्या कल्पित पटावरील बेरीजही मूळच असेल, असे कोणास वाटेल. परंतु तिला २९५२५७५२६६२६०३१ या संख्येने भाग जातो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा विभाजकही ऑयलरच्या नियमात तंतोतंत बसतो. त्यातून १ वजा केल्यास जी संख्या राहते, तिला २१४७४८३६४७ च्या दुपटीने निःशेष भाग जातो.

शिक्षकांनी हा विषय वर्गात मांडताना १२७ ची कसोटी आणि ३११ चा भागाकार विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावा. एखादे विधान खरे आहे असे ऐकणे आणि ते खरे असल्याचे स्वतः तपासून पाहणे यांतील अंतर मुलांना तेथेच कळेल. कार्यालयातही हेच अंतर महत्त्वाचे आहे. सर्व काही ठीक आहे असे आश्वासन मिळणे निराळे आणि तपासणी करून तसे आढळून येणे निराळे. १९ जानेवारी २०३८ हा दिनांक निश्चित आहे. त्यापूर्वी आपापल्या नोंदींची पडताळणी पूर्ण करणे हे आपणा सर्वांच्या हाती आहे.